मेंदू सोडून बाकी सगळं

यवतमाळ जिल्ह्यात पावसाळा लागला की दवाखान्यांत मण्यार चावलेले रुग्ण येऊ लागतात. हा साप रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावा इतका बारीक की कित्येकदा माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही आणि मग श्वास बंद पडू लागतो. व्हेंटिलेटरवर ठेवलेला असा रुग्ण तपासावा तर हातपाय हलत नाहीत, चिमटा काढला तरी हूं की चूं नाही, डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुल्या आकसत नाहीत. घरचे आशा सोडतात. पण त्याचा मेंदू शाबूत असतो. विषाने फक्त मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात ती जागा अडवलेली असते. मेंदूचा हुकूम निघतो, स्नायूपर्यंत पोचत नाही. प्रतिसर्पविष देऊन काही दिवस श्वास सांभाळला, तर हा माणूस आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो.

त्याच आयसीयूत पलीकडच्या खाटेवर महामार्गावर दुचाकीवरून पडलेला तरुण असतो. अंग गरम आहे, छाती वरखाली होते आहे, मॉनिटरवर ठोके दिसतात, लघवीची पिशवी भरते आहे. पण डोक्याच्या माराने मेंदू सुजला, बंद कवटीत दाब वाढत गेला आणि मेंदूकडे जाणारं रक्तच थांबलं. हा तरुण गेलेला आहे. व्हेंटिलेटर त्याच्या छातीत हवा भरतो आहे, एवढंच.

मेंदूचं प्रत्यारोपण कधी होईल का, हा प्रश्न विज्ञानाच्या व्याख्यानानंतर शाळेतली मुलं हमखास विचारतात. मोठी माणसंही विचारतात, जरा संकोचून. हृदय बदलतं, किडनी बदलते, मग मेंदूनेच काय केलं? या प्रश्नाचं उत्तर वरच्या दोन रुग्णांत आहे. मेंदू बदलता येत नाही, आणि मेंदू गेला की माणूस गेला हे आपण मानलं, म्हणूनच हृदयासारखे अवयव बदलण्याची वाट मोकळी झाली. प्रत्यारोपणाची सर्वांत मोठी मर्यादा आणि त्याचा मोठा आधार, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत.

आधी बाकीच्या अवयवांचं पाहू. माणसाच्या शरीराला परकं ओळखण्याची जबरदस्त सवय आहे. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडची एक हकिगत छापून आली होती. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तिथल्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं होतं. ते टिकलं, कारण कातडी त्याची स्वतःची होती. तीच कातडी दुसऱ्याची असती तर दोन आठवड्यांत काळी पडून गळून गेली असती. असं का होतं, याचा उलगडा पीटर मेडावर यांनी विसाव्या शतकाच्या चाळिशीत केला. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशीच परक्या कातडीवर तुटून पडतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणून 1954 च्या डिसेंबरात बॉस्टनला जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची, एकाच साच्याची. जुळा भाऊ सगळ्यांनाच कुठून असणार? पुढची कोंडी फोडली नॉर्वेच्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीने. तिच्यापासून निघालेलं सायक्लोस्पोरिन 1983 मध्ये सर्रास वापरात आलं आणि परका अवयव वर्षानुवर्षं सांभाळून घेणं शक्य झालं.

मात्र त्याची किंमत मोजावी लागते. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी ही औषधं जन्मभर घ्यायची. ती घेणाऱ्याला साधा ताप जड जाऊ शकतो, क्षयाची भीती वाढते, काही कॅन्सरचं प्रमाण वाढतं. एवढं करूनही बसवलेली किडनी सरासरी दहा-पंधरा वर्षं साथ देते, पुढे पुन्हा डायलिसिस किंवा दुसरी किडनी. प्रत्यारोपण म्हणजे आजार संपला असं नाही. मोठ्या आजाराच्या जागी एक सांभाळता येणारा आजार येतो. ही गोष्ट जाहिरातींत कुणी सांगत नाही, पण रुग्णाला आधी तीच सांगायला हवी.

आपल्या राज्याचा या इतिहासातला वाटा मोठा आहे. 3 डिसेंबर 1967 ला केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं, आणि अडीच महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केलं. हे जगातलं सहावं हृदय प्रत्यारोपण होतं, आणि सेन हे करणारे चौथे सर्जन. रुग्ण काही तासच जगला. सप्टेंबरात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही टिकला नाही. पण पुढे वाट अडली ती केईएमचे हात कमी पडले म्हणून नाही. परका अवयव टिकवणारं खात्रीचं औषध तेव्हा नव्हतं, आणि दात्याचा मृत्यू कधी झाला म्हणायचं हे सांगणारा कायदाही नव्हता. मेंदूच्या मृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आला, भारतात कायदा व्हायला 1994 उजाडलं. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मधली 26 वर्षं आपण औषधाची आणि कायद्याची वाट पाहत होतो.

हृदयाची एक गंमत अशी की त्याला मेंदूशी जोडून द्यावं लागत नाही. शस्त्रक्रियेत त्याचे मज्जातंतू कापलेच जातात, ते पुन्हा शिवत नाहीत. रक्तवाहिन्या जोडल्या, रक्त आलं, की हृदय आपल्याच केंद्राच्या ठेक्यावर धडधडू लागतं. फक्त विश्रांतीतही ते जरा जलद चालतं आणि धावताना वेग उशिरा धरतं. किडनीचंही तसंच, यकृताचंही. या अवयवांचं काम रक्तावर चालतं. नळ जोडले की झालं, असं सर्जन म्हणत नाहीत, कारण ते नळ जोडणं अतिशय कौशल्याचं आहे. पण तत्त्व तेच. हृदय बदलल्यावर दात्याच्या आवडीनिवडी येतात असल्या कहाण्या फिरत असतात. त्यांना पुरावा नाही.

हात जोडायचा म्हटला की मज्जातंतूंचा प्रश्न येतो. पुण्यातल्या एका तरुणीचे दोन्ही हात अपघातात गेले होते. 2017 मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात तिला दुसऱ्याचे हात बसवले गेले. हाडं, स्नायू, धमन्या, शिरा, मज्जातंतू असं सगळं एकेक करून जोडावं लागलं. त्यानंतर वाट पाहायची. हातापायांतल्या मज्जातंतूंमध्ये पुन्हा वाढण्याची ताकद असते; कापलेलं टोक जुन्या वाटेने दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकत जातं. दंडापासून बोटांच्या टोकापर्यंत पोचायला दीडदोन वर्षं लागतात. ती तरुणी पुढे स्वतःच्या हाताने परीक्षेचे पेपर लिहू लागली. माझ्या मते भारतीय प्रत्यारोपणातली ही सर्वांत विलक्षण घटना आहे, कारण तिथे परक्या हातांपर्यंत तिचा मेंदू पोचला.

पुण्याचंच दुसरं उदाहरण गर्भाशयाचं. मे 2017 मध्ये गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या चमूने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. आईने मुलीला गर्भाशय दिलं. ऑक्टोबर 2018 मध्ये अशा प्रत्यारोपणातून देशातलं पहिलं बाळ पुण्यात जन्मलं. म्हणजे ज्या गर्भाशयात आई वाढली, त्याच गर्भाशयात लेकही वाढली. हा अवयव जन्मभरासाठी लागत नाही. मूल झालं की तो काढून टाकता येतो आणि औषधंही थांबवता येतात. जीव वाचवण्यासाठी नसलेल्या प्रत्यारोपणांत हा हिशेब फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता डोळा. आपण ज्याला नेत्रदान म्हणतो त्यात फक्त बुबुळावरचा पारदर्शक पडदा वापरतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीर तो फारसा नाकारत नाही. 1905 पासून ही शस्त्रक्रिया यशस्वी होते आहे. अख्खा डोळा मात्र 2023 च्या मे महिन्यात प्रथमच बसवला गेला, न्यूयॉर्कला, अर्ध्या चेहऱ्यासह. डोळा टवटवीत राहिला, त्याच्या पडद्याला रक्त मिळत राहिलं. दिसत मात्र काहीच नाही. डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टितंतूत दहा लाखांहून जास्त धागे असतात, आणि हा तंतू हातातल्या मज्जातंतूसारखा नाही, तो मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूतले आणि मज्जारज्जूतले धागे एकदा तुटले की परत वाढत नाहीत. त्यांच्या भोवतीच्या आवरणातच वाढ रोखणारी द्रव्यं असतात, जखमेच्या जागी वण धरतो, आणि धाग्याची वाढण्याची आंतरिक ओढही प्रौढपणी मंदावलेली असते.

मेंदूच्या प्रत्यारोपणाची भिंत इथे आहे. मेंदू साधारण 1300 ते 1400 ग्रॅमचा, त्यात सुमारे 86 अब्ज चेतापेशी. शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो आणि रक्त थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, चारपाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. हा भाग एक वेळ जमेल. मेंदू गार केला तर त्याची भूक कमी होते आणि सर्जनला वेळ मिळतो. 1970 मध्ये क्लीव्हलँडला रॉबर्ट व्हाइट यांनी हेच केलं. एका माकडाचं डोकं दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवलं, रक्तवाहिन्या जोडल्या. माकड शुद्धीवर आलं. त्याला दिसत होतं, ऐकू येत होतं, बोट जवळ नेलं तर चावायलाही पाहत होतं. मानेखाली मात्र पूर्ण लुळं. ते फार काळ जगलं नाही. वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. मण्यारीने लुळा पडलेला माणूस विष उतरलं की परत येतो. त्या माकडाला परतीची वाटच नव्हती.

इटलीचे सर्जन सर्जिओ कानावेरो यांनी 2013 पासून माणसाचं डोकं बदलण्याच्या घोषणा केल्या. 2017 मध्ये त्यांनी आणि चीनच्या शाओपिंग रेन यांनी दोन मृतदेहांवर ही शस्त्रक्रिया केल्याचं जाहीर केलं. मृतदेहावर शिवणकाम जमलं यावरून जिवंतपणी काय होईल ते कळत नाही. अतिशय धारदार पात्याने मज्जारज्जू कापायचा आणि दोन्ही टोकं एका रसायनाने चिकटवायची, असा त्यांचा दावा होता. कापलेलं लुगडं काठाला काठ लावून शिवता येतं, पण प्रत्येक तुटलेला धागा आपल्याच जुन्या धाग्याला परत सांधला जात नाही. मज्जारज्जूत मात्र नेमकं तेच व्हायला हवं. त्यातून इथे दुसऱ्या टोकाला जुना धागा नाहीच, परक्या शरीरातला आहे. मज्जारज्जू तुटून खाटेला खिळलेल्या एकाही माणसाला, स्वतःचंच शरीर असताना, आज आपण असं जोडून उभं करू शकलेलो नाही. ते जमेपर्यंत डोकं बदलण्याच्या घोषणांना वैद्यकीय बातमी म्हणून जागा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा जमलंच, तर बदललं काय? 'वेताळ पंचविशी'त ही गोष्ट आहे. देवळात दोघांनी आपली मस्तकं वाहिली, देवी प्रसन्न झाली, आणि घाईत बायकोने एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर ठेवलं. आता तिचा नवरा कोणता? विक्रमाने डोक्याच्या बाजूने कौल दिला. गिरीश कार्नाड यांनी याच कथेवरून 'हयवदन' लिहिलं, चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं आणि विजया मेहतांनी ते रंगमंचावर उभं केलं. नाटकात उत्तर इतकं सोपं राहत नाही, धडालाही स्वतःची ओढ असते. शरीरशास्त्राचा कौल मात्र विक्रमासारखाच आहे. आठवणी, भाषा, स्वभाव, आईचा चेहरा ओळखणं हे सगळं ज्या जोडण्यांत आहे त्या मेंदूत आहेत. तेव्हा मेंदूचं प्रत्यारोपण हा शब्दप्रयोगच उलटा आहे. मेंदू दिला जाणार नाही, मेंदूला शरीर दिलं जाईल. तरी एक गुंता उरतोच. त्या नव्या शरीराला पुढे मूल झालं, तर ते रक्ताने दात्याचं मूल असेल, त्याच्या आईवडिलांचं नातवंड.

आणि एक साधा हिशेब. मेंदूमृत दात्याकडून हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, दोन किडन्या, स्वादुपिंड आणि आतडं एवढं मिळू शकतं, म्हणजे आठ माणसांपर्यंत जीवदान. डोकं बदलायचं म्हटलं तर ते सगळं एकाच माणसासाठी वापरावं लागेल. ज्या देशात एकेका किडनीसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात, तिथे हे कोणत्या तोंडाने मागायचं?

मेंदूच्या बाबतीत आशा नाही असं मात्र मुळीच नाही. अख्खा मेंदू बदलता येत नसला तरी त्यात पेशी पेरता येतात. पार्किन्सनच्या आजारात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. स्वीडनमध्ये 1987 पासून भ्रूणाच्या पेशी रुग्णांच्या मेंदूत घालण्याचे प्रयोग झाले, फळं संमिश्र मिळाली. आता मूळपेशींपासून प्रयोगशाळेत अशा पेशी वाढवता येतात. एप्रिल 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन अभ्यास आले, एक जपानमधला सात रुग्णांवरचा, दुसरा उत्तर अमेरिकेतला बारा रुग्णांवरचा. पेशी जगल्या, कामाला लागल्या, मोठा धोका दिसला नाही. एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार ठरत नाही, पण दिशा ठरते. मज्जारज्जूच्या बाबतीतही तुटलेलं जोडण्याऐवजी त्याला वळसा घालण्याचा मार्ग जास्त पुढे गेला आहे. 2023 मध्ये लोझानच्या शास्त्रज्ञांनी मेंदूवरचं यंत्र आणि मज्जारज्जूवरचं यंत्र बिनतारी जोडून एका लुळ्या माणसाला पुन्हा पावलं टाकायला लावली.

बाकीच्या अवयवांसाठी सध्या सर्वांत जास्त चर्चा आहे ती डुकराची. त्याचे अवयव आकाराने माणसाला चालतात. 1997 मध्ये आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय माणसाला बसवलं होतं. रुग्ण दगावला आणि डॉक्टरांना अटक झाली. तेव्हा जनुकं बदलण्याचं तंत्र हाती नव्हतं. जानेवारी 2022 मध्ये मेरीलँडला दहा जनुकबदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलेला रुग्ण दोन महिने जगला. त्या हृदयात डुकराचा एक विषाणू लपून आलेला पुढे सापडला. मार्च 2024 मध्ये बॉस्टनला 69 जनुकबदल केलेली किडनी बसवली, तो रुग्ण दोनेक महिन्यांनी गेला. 2025 च्या जानेवारीत तिथेच दुसऱ्या रुग्णाला बसवलेली किडनी 271 दिवस चालली आणि मग काढावी लागली. दिवस वाढत आहेत, ही खरी प्रगती आहे. पण डायलिसिसवरच्या आजच्या रुग्णाने या बातमीच्या भरवशावर थांबू नये. प्रयोगशाळेत छापलेली किडनी तर त्याहून लांब आहे. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येकीला आपली बारीक रक्तवाहिनी लागते. तेवढं जाळं विणणं अजून कुणाला साधलेलं नाही.

त्यापेक्षा जवळची, आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने जास्त कामाची गोष्ट म्हणजे अवयव बाहेर जास्त वेळ टिकवणारी यंत्रं. बर्फात ठेवलेलं हृदय चारेक तास टिकतं, यकृत बारा तासांच्या आसपास, किडनी दिवसभर किंवा थोडी जास्त. झुरिकमध्ये एक यकृत यंत्रावर तीन दिवस जिवंत ठेवून 2021 मध्ये एका रुग्णाला बसवलं गेलं आणि ते चाललं. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. वणी एका टोकाला, उमरखेड दुसऱ्या टोकाला. अवयवाच्या घड्याळात जितके तास वाढतील तितका यवतमाळसारखा जिल्हा दात्यांच्या नकाशावर येईल.

आज त्या नकाशावर काय आहे? राज्यात अवयवांचं वाटप चार विभागीय केंद्रांतून होतं. विदर्भासाठीचं केंद्र नागपूरला आहे. किडनी बदलायची तर रुग्णाला यवतमाळहून नागपूर, सावंगी मेघे किंवा अमरावतीचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय गाठावं लागतं. आठवड्यातून दोनतीनदा चार-चार तासांचं डायलिसिस, जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, असा संसार कित्येक घरं ओढत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, हे चांगलं झालं. पण पैसा असून किडनी नसेल तर?

देशात 2023 मध्ये 18,378 प्रत्यारोपणं झाली. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते मात्र 1,099. दहा लाख लोकांमागे एकही नाही. स्पेनमध्ये हाच आकडा पन्नासच्या आसपास आहे. मग आपल्याकडची बाकी प्रत्यारोपणं कुणाच्या जिवावर होतात? घरच्या जिवंत माणसाच्या. आणि घरची माणसं म्हणजे बहुतेक वेळा बायका. त्या वर्षी जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत शंभरात 63 बायका होत्या, तर 1995 ते 2021 या काळात अवयव मिळालेल्यांत दर पाचांत चार पुरुष. आई देते, बायको देते, बहीण देते, आणि तिला लागते तेव्हा रांगेत तिचा नंबर मागे असतो. मला हे दानाचं वैभव वाटत नाही. मेंदूमृत दाते वाढले की घरातल्या बाईवरचा हा न बोललेला दबाव कमी होईल. कर्जाच्या अडचणीतल्या माणसाला किडनी विकायला लावणाऱ्या दलालांचा धंदाही याच टंचाईवर चालतो. कायद्याने त्याला पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे, तरी टंचाई आहे तोवर दलाल आहेत.

"जिवंत माणसाचे अवयव तर काढत नाहीत ना?" ही भीती गावोगावी आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. जिथे मण्यार चावलेला, मेलेला वाटणारा माणूस उठून बसतो, तिथे ती भीती अनुभवातून आलेली आहे. कीटकनाशकांचंही तसंच. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं विष भिनलेला रुग्ण कधीकधी मेंदूमृतासारखा दिसू शकतो. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत या जिल्ह्याने वीसच्या आसपास माणसं गमावली. त्या दिवसांत इथल्या डॉक्टरांनी असे रुग्ण जवळून पाहिले. म्हणून मेंदूमृत्यू ठरवतानाची पहिली अट हीच की मेंदूला इजा कशाने झाली ते नक्की माहीत हवं, आणि विष, गुंगीची औषधं, सर्पदंश, शरीर गार पडणं, रक्तातल्या क्षारांचा मोठा बिघाड यांतलं काहीही कारण असण्याची शक्यता पूर्ण संपलेली हवी. त्यानंतरच तपासण्या. बाहुल्यांवर उजेड, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात बर्फाचं पाणी, घशात नळी घालून खोकला येतो का, आणि शेवटी व्हेंटिलेटर थांबवून, प्राणवायू चालू ठेवून, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला तरी छाती स्वतःहून हलते का. हे सगळं दोनदा, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एकही प्रत्यारोपणाच्या चमूतला नसतो. कोमा निराळा. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो परत येऊ शकतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही.

1994 च्या कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीने जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी दोन मोठ्या सोयी केल्या, त्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. न्यूरोसर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्ट नसेल तिथे सर्जन किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतज्ज्ञ यांच्याकडून प्रमाणपत्राचं काम करता येतं. आणि प्रत्यारोपणाची सोय नसली तरी आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर असलेलं रुग्णालय फक्त अवयव काढून घेण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करू शकतं. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की शहरातली, पुसदची, वणीची मोठी खासगी रुग्णालयं, ही वाट सगळ्यांना खुली आहे. संमतीनंतर दात्याला सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च त्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही, हेही नियमात आहे. अपघाताची पोलीस केस असली तरी शवविच्छेदनाची सांगड घालून अवयवदान होऊ शकतं. मृतदेह शिवून, नीट करून घरच्यांच्या ताब्यात देतात. अंत्यविधीत कशाचीच अडचण येत नाही.

नेत्रदानाला तर आयसीयूही लागत नाही. घरी मृत्यू झाला तरी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवलं, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवला आणि पंखा बंद केला की पुरे. मोतीबिंदू झालेला, चष्मा असलेला, मधुमेह असलेला माणूसही डोळे देऊ शकतो.

अवयवदानाचा अर्ज भरून कार्ड मिळतं, ते जरूर घ्या. पण प्रत्यक्षात आयसीयूच्या दारात डॉक्टर विचारतात ते जवळच्या नातेवाइकांना, आणि त्यांनी नाही म्हटलं तर कार्ड पाकिटातच राहतं. अचानक कोसळलेल्या त्या दुःखात, दोन तासांत, मृत माणसाच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधायची पाळी आपल्या माणसांवर आणू नका. तुमची इच्छा काय आहे ती नवऱ्याला, बायकोला, मुलांना, भावाला आजच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. त्या दिवशी उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.